नेत्यांची सहीची पत्रं जमवताय? आधी सही भिंगाखाली धरा

पत्र पाठवणं सोपंय. हाताने एक पान लिहा, त्यांच्या कामातलं काहीतरी नेमकं विचारा, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट आत टाका आणि विसरून जा. 'कृपया सही पाठवा' एवढंच लिहिलंत तर छापील फोटो येईल, मग कुरकुर नको. पदावरून उतरलेल्यांना लिहा, त्यांना वेळ असतो.

उत्तर आलं की लोक लगेच स्टेटसला टाकतात. थांबा जरा, सही कुणी केलीय ते बघा. मी याच पायरीवर लय दिवस अडकलो होतो.

आधी भिंग घ्या. सहीत रंगाचे बारीक ठिपके दिसले की प्रिंटर, विषय संपला. काही दीडशहाणे सांगतात ओलं बोट फिरवा, शाई पसरली तर खरी. अजिबात करू नका! ऑटोपेन म्हणजे सही करणारं मशीन, त्यातही खरंच पेन असतं, म्हणजे शाई तिथेही पसरणार आणि पत्राची मात्र वाट लागणार.

ऑटोपेनची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, जीव नसलेली, आणि सुरुवातीला-शेवटाला पेन टेकल्याचा ठिपका. त्याच नेत्याची दुसरी सही शोधा, त्याच मापात प्रिंट काढा, दोन्ही एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा, तंतोतंत जुळल्या तर मशीन, कारण माणूस दोनदा अगदी तशीच सही करूच शकत नाही. पण जुळली नाही म्हणून नाचू नका, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या ऑफिसात तर ऑटोपेनचे वेगवेगळे साचे होते, म्हणजे मशीनच्याच सह्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. आणि हे फक्त चाहत्यांच्या पत्रापुरतं नाही बरं, ओबामा २०११ मध्ये फ्रान्समध्ये होते तेव्हा अमेरिकेत एका विधेयकावर त्यांची सही ऑटोपेननेच झाली होती.

खरी डोकेदुखी म्हणजे सेक्रेटरीने केलेली सही. हात माणसाचाच, त्यामुळे भिंगात सगळं छान दिसतं. इथे त्याच काळातल्या, स्वतःच केल्याची खात्री असलेल्या सह्यांशी ताडून बघा, आणि अक्षराचा आकार नाही तर पेन कुठे उचललंय, कुठलं अक्षर कुठल्याला जोडलंय ते बघा. आकाराची नक्कल जमते, ही सवय उचलणं अवघड. टाइप केलेल्या मजकुराखाली नेत्याच्याच अक्षरात दोन शब्द असतील तर सोनं, तपासायला जास्त अक्षर मिळतं. 'माझी खरीच आहे, मला आतून वाटतं' हे मला सांगू नका. शंका असेल तर वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि खरी म्हणून कुणाला विकू नका.

ठेवायचं कसं? अॅसिड-फ्री, म्हणजे अॅसिड नसलेल्या कागदाच्या फोल्डरमध्ये, उन्हापासून लांब. फ्रेम करायची तर झेरॉक्सची करा. लॅमिनेशन आणि सेलोटेप बंद. पाकीट फेकू नका, तारखेचा शिक्का त्यावरच असतो.