मागच्या चाकांची मोठी सेडान: टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर अशी

इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरात कुणी गाडी घ्यायला निघालं की मला सोबत घेऊन जातात. जवळच्या पिथमपूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या तपासणीत माझी नोकरी झाली, म्हणून हा मान. यंदा भाच्याची पाळी होती. त्याच्या मनात दोनच गाड्या: बीएमडब्ल्यूची ५३० एलआय किंवा मर्सिडीजची लांब ई-क्लास, ई २०० पेट्रोल. दोन्हींत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. दोन्हींची ही पिढी २०२४ साली भारतात आली. शोरूममधल्या दिव्यांखाली भाचा लगेच विरघळला, तेव्हा त्याला बाहेर चहाला नेऊन जे सांगितलं तेच इथे लिहिते. मागच्या चाकांची गाडी काही देते आणि त्याच्या बदल्यात काही घेते. देणं सेल्समन दाखवतोच. घेणं आपण शोधायचं, आणि तेही पहिल्याच भेटीत, कारण दुसऱ्या भेटीला आपण चेकबुक घेऊन जातो.

निघण्याआधी घरचं फाटक आणि पार्किंग टेपने मोजा. ५३० एलआयची लांबी ५१६५ मिलिमीटर, ई-क्लासची ५०९२. जुन्या प्लॉटवरच्या आपल्या घरांची पोर्च बांधली तेव्हा दारात ॲम्बेसिडर यायची, आणि ती जेमतेम ४.३ मीटर. सोसायटीतली पार्किंगची जागा पाच मीटर असेल तर बीएमडब्ल्यूचं नाक किंवा शेपूट वीतभर बाहेर राहणार. रुंदी १.९ मीटर, ती आरसे सोडून. सराफ्याच्या अरुंद गल्ल्यांकडे ही गाडी नेण्याचा विचारही करू नका.

शोरूममध्ये गेल्यावर स्टिअरिंगकडे धावू नका. आधी मागे बसा, कारण या लांब गाड्या मुळात मागे बसणाऱ्यासाठीच केल्या आहेत. (मी मागचं दार उघडलं तर सेल्समनने विचारलं, ‘मॅडम, सर कब तक आएँगे?’ त्याला म्हटलं, सर हेच, माझा भाचा, आणि प्रश्न मी विचारणार.) पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बीएमडब्ल्यूत ३१०५ मिलिमीटर, मर्सिडीजमध्ये ३०९४. फरक बोटाच्या रुंदीएवढाही नाही, तेव्हा ब्रोशरमधल्या या आकड्यावर भांडू नका. पाय लांब करून बसणं सोपं आहे. त्यापेक्षा पाठ टेकून नीट बसा आणि मांड्या सीटला पूर्ण टेकतात का ते पाहा. गुडघे वर आणि मांड्या हवेत राहिल्या तर उज्जैनपर्यंत काही वाटत नाही, भोपाळ येईतो कंबर बोलायला लागते.

मग मधल्या जागेवर माणूस बसवा. आम्ही वहिनींना बसवलं. इंजिनाचा जोर मागे नेणारा शाफ्ट गाडीच्या पोटाखालून जातो, त्यासाठी फरशीला मधोमध उंचवटा ठेवावा लागतो. वहिनींचे दोन पाय त्या उंचवट्याच्या दोन बाजूंना गेले, आणि त्यांनी आमच्याकडे जे पाहिलं त्यात सगळं आलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कॅमरीत किंवा सुपर्बमध्ये हा शाफ्टच नसतो. घरात रोज पाच जण एका गाडीत बसत असाल तर या कोटीच्या जवळ जाणाऱ्या खरेदीचा विचार इथेच थांबवावा, असं माझं मत. चौघांसाठी मात्र ही राजेशाही जागा आहे.

आता चालवायचं. सेल्समन बहुधा स्पोर्ट मोड आणि गाणी दोन्ही लावून देतो. दोन्ही बंद करायला सांगा, कम्फर्ट मोड ठेवा, आणि मोठ्या रस्त्याऐवजी आधी कॉलनीच्या आतल्या रस्त्याने चला. गाडीत चार जण बसलेले असू द्या. लांब गाडीची अडचण अशी की पुढची चाकं ब्रेकर उतरून गेली तरी मागची अजून लांब असतात, आणि मधलं पोट नेमकं ब्रेकरच्या माथ्यावर येतं. एकट्याने चालवली तर पार होते, चौघांत घासू शकते. आपल्याकडचे ब्रेकर कुणी मापाने घालत नाही, म्हणून तुमच्या घराजवळचा सर्वांत वाईट ब्रेकर निवडा. टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, आहेत का तेही विचारा. त्यांच्या भिंती कडक असतात, त्यामुळे खड्ड्याचा ठोका थोडा जास्त जाणवतो.

यू-टर्न जरूर घ्या. इथे गाडी देण्याच्या बाजूला येते. पुढच्या चाकांकडे फक्त वळायचं काम असतं, त्यांना जोर पोचवणारे शाफ्ट नसतात आणि इंजिनही आडवं नसून गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असल्याने चाकांना फिरायला जागा मिळते. एवढी लांबलचक गाडी अपेक्षेपेक्षा कमी जागेत वळते.

त्यानंतर सुपर कॉरिडॉरचा रुंद रस्ता. रस्ता मोकळा दिसेल तेव्हा हळू वेगावरून, स्टिअरिंग किंचित वळलेलं असताना, रेस द्या. पुढच्या चाकांच्या ताकदवान गाडीत अशा वेळी स्टिअरिंग हातात ओढ घेतं, कारण त्याच चाकांनी ओढायचंही आणि वळायचंही. इथे स्टिअरिंग शांत राहतं आणि ढकलणं पाठीमागून येतं. रेस दिली की वजन मागे सरकतं, ते मागच्या टायरांवर दाबतं, आणि तिथेच जोर असल्याने पकड वाढते. जानापावच्या डोंगराच्या चढावर हे आणखी स्पष्ट कळतं. लांब टेस्ट ड्राइव्ह मिळत असेल तर महूकडून तिकडे न्या. फरक ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर, आधी आपली जुनी गाडी चालवणं. ॲम्बेसिडर, पद्मिनी, कॉन्टेसा या सगळ्या मागच्याच चाकांच्या. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या पिढ्यांच्या हाताला पुढची चाकंच सवयीची झाली. भाच्याला म्हणूनच हे नवं वाटलं. त्याच्या वडिलांना अजिबात नाही.

पिकअपचं एका ओळीत: ५३० एलआय २५८ अश्वशक्तीची, ई २०० सुमारे २०४ ची, आणि तो फरक पाठीला कळतो. सेल्समन कमाल वेगाबद्दल बोलू लागला तर ऐकून सोडून द्या. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून आहे, पण तिथे आपल्याला कोण सोडतंय? आपलं आयुष्य खजराना चौकातल्या गर्दीत जायचं. मोठे पडदे, रंगीत दिवे, मालिश करणारी सीट वगैरेंवर मी वेळ घालवत नाही, ते घरी आल्यावर मुलं शिकवतात.

पावसाळ्यात टेस्ट ड्राइव्ह मिळाली तर उत्तम. माळव्याची काळी माती ट्रॉल्यांच्या चाकांना चिकटून डांबरावर येते आणि पहिल्या सरीनंतर रस्ता साबणासारखा होतो. अशा ठिकाणी वळणावर जास्त रेस दिली तर मागची चाकं सुटून शेपूट बाहेर जाऊ पाहतं. हल्लीच्या गाड्यांत स्थिरता सांभाळणारी यंत्रणा जोर कापून ते आवरते, आणि डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकतं. ते चिन्ह कुठे असतं ते उभ्या गाडीतच दाखवून घ्या. सेल्समन हौसेने ती यंत्रणा बंद करून दाखवतो म्हणाला तर उतरून पायी चालू लागा.

परत आल्यावर डिकी उघडा. स्टेपनी आहे का, असेल तर कुठे ठेवली आहे, आणि ती ठेवल्यावर मोठी बॅग मावते का ते समोर ठेवून दाखवायला सांगा. मग वाकून पुढच्या आणि मागच्या टायरवर लिहिलेले आकडे वाचा. मागच्या चाकांच्या काही गाड्यांत मागचे टायर जास्त रुंद असतात, आणि तसं असेल तर पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल करता येत नाही. जोर मागे असल्याने मागची जोडी सहसा आधी झिजते. त्या जोडीची किंमत लेखी मागा, आणि टायर इंदूरात मिळतो की बाहेरून मागवावा लागतो, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.