चार बाय शंभर रिले: आधी पाय जुळवा, मग हात

चार बाय शंभर रिलेत चौघं प्रत्येकी शंभर मीटर धावतात आणि हातातली नळी, म्हणजे बॅटन, पुढच्याला देत जातात. शाळेचा रिले संघ बहुतेक वेळा असा तयार होतो: शंभर मीटरमधले पहिले चार उचलायचे, हातात बॅटन द्यायची आणि "पाडू नका रे" एवढं बजावून ट्रॅकवर सोडायचं. मग पहिला गडी सुसाट येतो, दुसरा मान मागे वळवून, हात पसरून जवळजवळ उभाच असतो, आणि कमावलेला सगळा वेग त्या दोघांच्या मध्ये मरतो. बॅटन पडत नाही, पण शर्यत तिथेच जाते.

आठवी ते दहावीच्या मुलामुलींना मी रिले शिकवते ती उलट्या क्रमाने. घेणाऱ्याने कधी सुटायचं हे आधी. बॅटन हातात कशी ठेवायची हे फार पुढे.

असं का, ते मुलांना फळ्यावर भागाकार करून दाखवावं. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जमैकाने चार बाय शंभर ३६.८४ सेकंदांत संपवली. चाराने भागा: ९.२१. उसेन बोल्टचा शंभर मीटरचा विश्वविक्रम ९.५८ आहे. म्हणजे चौघांची सरासरी विश्वविक्रमाहून चांगली! कारण पहिला सोडला तर बाकीच्या तिघांना बॅटन धावतानाच मिळते. बॅटनला उभ्याने सुरुवात एकदाच करावी लागते. दुसरं उदाहरण २०१६च्या रिओचं. जपानच्या चौघांपैकी एकही जण तोवर शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावला नव्हता, तरी त्यांनी ३७.६० सेकंदांत रौप्यपदक घेतलं. त्याच शर्यतीत अमेरिकेचा संघ तिसरा आला आणि बाद झाला, कारण पहिल्या बदलात, म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना, बॅटन ही देवाणघेवाण जिथे करायची ते आखलेलं क्षेत्र सुरू होण्याआधीच घेणाऱ्याच्या हाताला लागली होती. एवढं सांगितल्यावर "सर्वात फास्ट चार घेऊ ना मॅडम" हा हट्ट बराच कमी होतो.

आपला संघ कुठे आहे ते पहिल्याच दिवशी मोजा. चौघांच्या शंभर मीटरच्या वेळा घेऊन बेरीज करा, मग रिले पळवून तिची वेळ घ्या. रिलेची वेळ बेरजेपेक्षा कमी यायला हवी. बेरजेइतकीच आली तर बदल खराब, जास्त आली तर फारच खराब. ही वजाबाकी वहीत लिहून ठेवा; पुढे संघाची प्रगती हाच आकडा सांगतो.

सामान फार लागत नाही. बॅटन म्हणजे २८ ते ३० सेंटिमीटर लांब, सुमारे ४ सेंटिमीटर जाडीची गुळगुळीत पोकळ नळी, वजन ५० ग्रॅमपेक्षा कमी नको. तशा मापाचा पाइप कापून कडा घासून घेतला तरी सरावाला चालतो. लाकडी दांडका मात्र देऊ नका, बोटांना लागतो आणि मुलं हात आखडतात. बदलाचं क्षेत्र ३० मीटरचं: शंभराच्या खुणेआधी २० मीटर आणि नंतर १०. पूर्वी क्षेत्र २० मीटरचं असायचं आणि त्याच्या आधी १० मीटर नुसती वेग घ्यायला मिळायची. नंतर नियमाने दोन्ही एकत्र केली. जुन्या खुणा असलेल्या मैदानावर हे लक्षात ठेवा, नाहीतर मुलं चुकीच्या रेषेवर उभी राहतात. चारशेचा ट्रॅक नसला तरी अडत नाही. सरळ ६०-७० मीटर जागा घ्या, मध्ये फक्कीने ३० मीटरचं क्षेत्र आखा, झालं.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात भिनवा: क्षेत्राच्या आत आहे की बाहेर हे बॅटनवरून ठरतं. मुलाचे पाय पुढे गेले का मागे राहिले, याच्याशी बदलाचा संबंध नाही. घेणाऱ्याने सुटताना मात्र क्षेत्राच्या आतच उभं राहायचं.

आता मुख्य काम, सुटण्याची खूण.

घेणारा क्षेत्राच्या सुरुवातीच्या रेषेच्या लगेच आत उभा राहतो. तिथून मागे, येणाऱ्या गड्याच्या दिशेने, तो स्वतःच्याच बुटांनी टाचेला पंजा लावत पावलं मोजतो. नवख्या मुलांसाठी मी १८ पावलांपासून सुरू करते. तिथे खूण करायची. देणारा भर वेगात येतो आणि त्याने ती खूण ओलांडली रे ओलांडली की घेणारा सुटतो, पुढे बघून, जीव खाऊन. हे आधी बॅटनशिवाय करा. देणाऱ्याचं काम एकच: क्षेत्रात शिरल्यापासून २० ते २५ मीटरच्या पट्ट्यात पुढच्याच्या पाठीला हात लावायचा. त्यासाठी २० आणि २५ मीटरवरही फक्कीची रेघ मारा.

पट्ट्याच्या आधीच हात लागला, तर खूण मागे सरकवा, म्हणजे घेणारा लवकर सुटेल. हात पोचलाच नाही, तर खूण जवळ आणा. एका वेळी दोनच पावलं बदला. आणि एकाच धावेवरून निर्णय घेऊ नका. त्याच चुकीची पुन्हा खात्री झाली तरच खूण हलवा.

इथे मुलं एक लबाडी करतात, तीही नकळत. हात पोचत नाही असं दिसलं की पुढचा हळूच वेग कमी करतो. मग पट्ट्यात हात लागतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि खूण चुकीचीच राहते. म्हणून मी देणाऱ्याकडे बघतच नाही, घेणाऱ्याच्या डोक्याकडे बघते. हनुवटी खांद्याकडे वळली की ती धाव रद्द. "मॅडम, मी नाही बघितलं मागे!" असं ठासून सांगणाऱ्यांना मोबाइलवर चित्रण दाखवावं, वाद मिटतो. घेणाऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: तुला पकडणं हे त्याचं काम, तू पळून जायचा प्रयत्न कर. तो खरंच पळून गेला, मागचा पोचायच्या आत क्षेत्र संपलं, तरी त्याला बोलू नका. सरावात असं झालंच पाहिजे, त्याशिवाय खूण पक्की होत नाही.

उभं राहायची पद्धतही जवळून बघा. गुडघे वाकलेले, वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर, छाती पुढच्या दिशेला, आणि नजर काखेखालून किंवा खांद्यावरून मागच्या खुणेवर. येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणारी मुलं हमखास उशिरा सुटतात. बघायचं ते त्याचे पाय खुणेवर कधी पडतात ते. पहिलं पाऊल मागे टाकायची सवय बऱ्याच जणांना असते. ती मोडायला वेळ लागतो, पण मोडाच.

पाय जुळले की हात सोपे आहेत. बॅटन द्यायच्या तीन पद्धती: खालून वर, वरून खाली, आणि सरळ पुढे ढकलून. जपानचा संघ खालून देतो. त्यात घेणाऱ्याचा हात खालीच, धावण्याच्या लयीत राहतो, पण दोघं खूप जवळ यावी लागतात आणि दर बदलाला बॅटनचं पकडायला उरलेलं टोक लहान होत जातं. शाळेच्या मुलांसाठी मला ढकलून देण्याची पद्धत बरी वाटते. घेणाऱ्याने हात मागे, खांद्याच्या थोडा खाली, तळवा येणाऱ्याकडे, अंगठा खाली आणि बोटं पसरलेली असा धरायचा. देणाऱ्याने बॅटन उभी धरून तळव्यात सरळ दाबायची. घेणाऱ्याने हात हलवून बॅटन शोधायची नाही. हात स्थिर, शोधायचं काम देणाऱ्याचं, कारण पुढच्याचा हात त्यालाच दिसतो. आणि पुढच्याची मूठ मिटल्याशिवाय त्याने सोडायचीही नाही.

हाक एकच, तोकडी. "हात!" ठीक आहे, पण शर्यतीत शेजारच्या लेनमधलाही तेच ओरडतो आणि पोरं भलत्याच हाकेला हात मागे टाकतात. म्हणून प्रत्येक जोडीने स्वतःचा एकाक्षरी किंवा दोन अक्षरी शब्द ठरवावा. हाक ऐकल्याशिवाय हात मागे जात नाही, हे पक्कं. हात मागे लटकवून धावलं की वेग पडतो.

कोणता हात? पहिला उजव्या हातात बॅटन घेऊन धावतो आणि लेनच्या आतल्या बाजूने येतो. दुसरा बाहेरच्या बाजूला उभा राहून डाव्या हातात घेतो. तिसरा आतल्या बाजूला, उजव्या हातात. चौथा पुन्हा बाहेर, डाव्यात. बॅटन मिळाल्यावर ती दुसऱ्या हातात घ्यायची नाही. हा क्रम आधी चौघांकडून एका रांगेत चालत, मग हळू पळत घोटवून घ्या, आणि कंटाळा येईपर्यंत घोटवून घ्या. भर वेगाचे बदल मात्र थोडेच करा, पाय ताजे असताना. दमलेल्या पोरांवर ठरवलेली खूण शर्यतीच्या दिवशी जवळ पडते.

कोणाला कुठे पळवायचं? ज्याला सुरुवात चांगली जमते आणि वळणावर जो बाहेर फेकला जात नाही, तो पहिला. दुसरा वेग लांबपर्यंत टिकवणारा, कारण त्याला सरळ भागात बॅटन घेणं आणि देणं दोन्ही करायचं असतं. तिसरा वळणाचा पक्का. शेवटी सगळ्यात वेगवान मुलगा ठेवायचा असा जवळजवळ कायदाच झालाय. माझं मत वेगळं. ज्याला बॅटन घेता येते पण देता येत नाही, त्याला चौथा ठेवा, आणि वेगवान गडी हात चांगला असेल तर दुसरा. बदली खेळाडूलाही प्रत्येक जोडीबरोबर खूण मोजून ठेवायला लावा, नाहीतर ऐनवेळी तो उपरा ठरतो.

शर्यतीच्या दिवसाचे नियम थोडक्यात. लेनमध्ये एकच खूण लावता येते, चिकटपट्टी जास्तीत जास्त ५ बाय ४० सेंटिमीटर. हातमोजे किंवा हाताला चिकट काही लावणं चालत नाही. बॅटन पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची. त्यासाठी लेन सोडता येते, पण अंतर कमी होता कामा नये आणि दुसऱ्याला अडथळाही नको. बॅटन दिल्यावर लेनमध्येच थांबायचं, बाजूचे निघून जाईपर्यंत. आनंदाने बाजूच्या लेनमध्ये घुसून दुसऱ्या संघाला अडवणारी आणि स्वतःच्या संघाला बाद करणारी पोरं पाहिली आहेत.

पन्नास जणांच्या वर्गात हे कसं बसवायचं, असा प्रश्न येतोच. जोड्या पाडा, चार-पाच क्षेत्रं आखा, आणि न धावणाऱ्यांना काम द्या. एक जण खुणेवर बसतो आणि सुटण्याची वेळ बरोबर होती का ते सांगतो, दुसरा क्षेत्राच्या शेवटी झेंडी घेऊन, तिसऱ्याकडे स्टॉपवॉच. स्टॉपवॉच बॅटनवर लावायचं: बॅटन ३० मीटरच्या क्षेत्रात शिरली की सुरू, बाहेर पडली की बंद. शंभर मीटर १४ सेकंदांत धावणारा मुलगा भर वेगात ३० मीटर चार सेकंदांच्या आत कापतो. तुमच्या जोडीला पाच लागत असतील तर एका बदलात सेकंदभर गेला, आणि बदल तीन आहेत. वर्गातली न धावणारी मुलंच मग ओरडून सांगतात, "अरे, तू मागे बघितलंस!"