"पाच मिनिटांत आलेच" म्हणणं सोडा, घरचं आणि वेळेचं दोन्ही सुधारेल

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी एक प्रसंग झाला, त्यातनं ही सगळी पद्धत उभी राहिली, म्हणून आधी तेच सांगते. लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट होता, मी दुपारी अप्पा बळवंत चौकातनं चार्ट पेपर, स्केचपेन सगळं मागवून ठेवलेलं आणि तिला फोनवर सांगितलं की सातला येते, मग दोघी बसू. ऑफिस हिंजवडीला, घर कोथरूडला. निघायलाच सव्वासात झाले, वाकडच्या पुलापाशी सगळं ठप्प, घरी पोचले तेव्हा पावणेनऊ. तिने आणि सासूबाईंनी मिळून प्रोजेक्ट केव्हाच पुरा केलेला. मी सॉरी म्हणायला लागले तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "असू दे ग आई, तू सात म्हणालीस की मी साडेआठच धरते."

रागावली असती तर परवडलं असतं. ती रागावली नाही, तिने माझ्या शब्दात दीड तास मिळवायची सवय लावून घेतली होती, दहाव्या वर्षी. तेव्हा मला कळलं की आपण वेळेचं नियोजन आणि नातेसंबंध असे दोन वेगळे विषय समजतो पण घरात ती एकच गोष्ट असते. तुम्ही सांगितलेली वेळ हा तुमचा शब्द असतो. तो खरा ठरायला लागला की बाकीचं बरंच आपोआप मार्गी लागतं, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात कॅलेंडरच्या चौकोनात

दूधवाल्याचे नाहीतर कामवाल्या मावशींचे खाडे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो ना, तसंच करायचं. रोजच्या चौकोनात दोन आकडे लिहायचे, घरी सांगितलेली वेळ आणि खरी पोचलेली वेळ. फक्त दोन आठवडे. ॲप वगैरे नको, कारण ॲप फक्त तुम्ही बघता आणि भिंत सगळं घर बघतं. स्वतःला बोल लावायचा नाही, कारणं लिहायची नाहीत, पाऊस होता, मीटिंग लांबली, चांदणी चौकात ट्रक बंद पडला, काही नाही, फक्त आकडे.

माझ्या चौदा दिवसांत दोनदाच मी सांगितलेल्या वेळेला पोचले होते आणि उरलेले सगळे दिवस उशीर साधारण सारखाच होता, तासाच्या आसपास. म्हणजे ट्रॅफिक बेभरवशाचा नव्हता, माझा अंदाज चुकत होता आणि रोज एकाच बाजूला चुकत होता!

याला मानसशास्त्रात नाव पण आहे, प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे वेळेचा अंदाज नेहमी कमीच धरण्याची चूक. डॅनियल काहनेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये हे मांडलं, की माणूस एखाद्या कामाला किती वेळ लागेल ते ठरवताना ते काम सुरळीत झालं तर कसं होईल याचं चित्र बघतो आणि मागच्या दहा वेळी प्रत्यक्षात काय झालं ते बघतच नाही. पुढे १९९४ मध्ये कॅनडात ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं जवळपास ३४ दिवस, सगळंच्या सगळं बिनसलं तर किती, तर ४९ च्या आसपास, आणि खरे लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून पण अंदाज कमीच पडला. त्यामुळे "मी थोडं जास्तच धरून सांगते" याने भागत नाही. उद्या किती वेळ लागेल हे मनाला विचारू नका, मागच्या मंगळवारी किती लागला ते चौकोनात बघा आणि तेच सांगा.

सांगायचं कसं

इथे जरा सविस्तर लिहिते कारण खरा फरक इथेच पडतो.

एक वेळ सांगू नका, दोन सांगा. "लवकरात लवकर पावणेआठ, नाहीतर साडेआठ." आणि त्याला जोडूनच समोरच्याने काय करायचं ते सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं. "जेवायला थांबू नका, माझं ताट झाकून ठेवा" किंवा "आठपर्यंत थांब, नाही आले तर तू गणिताचं आधी करून टाक." आपल्याकडे घरची माणसं जेवायला खोळंबून राहतात, सासूबाई गरम पोळी मिळावी म्हणून कणिक तशीच ठेवून बसायच्या आणि मला वाटायचं की मी काही त्यांना थांबा म्हटलं नव्हतं. पण मी थांबू नका असंही म्हटलं नव्हतं. त्यांची अख्खी संध्याकाळ माझ्या एका चुकीच्या आकड्यावर टांगलेली असायची. आता मी आकडा आणि सूचना दोन्ही देते, त्या त्यांच्या वेळेला जेवून घेतात आणि मी आल्यावर नुसत्या गप्पा मारायला माझ्यासोबत बसतात, आणि खरं सांगू का, ते बसणं आधीच्या गरम पोळीपेक्षा मला जास्त आवडतं.

"निघाले" हा शब्द गाडी सुरू झाल्यावरच वापरायचा. लॅपटॉप बंद करताना नाही, लिफ्टची वाट बघताना नाही. "आलेच", "पोचतेच", "पाच मिनिटं" हे तीन शब्द आमच्या घरात आता कोणीच वापरत नाही, नवरा पण नाही.

उशीर होणार हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणी कळवायचं, वेळ उलटून गेल्यावर नाही. सातला यायचं होतं आणि साडेसहाला कळवलं की आठ होतील, तर घरचे लोक त्यांचा बेत बदलू शकतात. सव्वासातला कळवलं तर त्यांनी पंधरा मिनिटं गॅलरीतनं खाली बघण्यात घालवलेली असतात. काहीजण म्हणतात की लाईव्ह लोकेशन पाठवून द्यायचं, प्रश्नच मिटला. रात्री उशिरा एकटीने यायचं असेल तर जरूर पाठवा, पण रोजच्यासाठी मला ते पटत नाही, कारण मग घरच्या माणसाला तो ठिपका बघत बसावं लागतं, म्हणजे वाट बघण्याचं काम त्यांच्याकडेच राहतं.

आणि जिथे जमेल तिथे असा मार्ग निवडा ज्याची वेळ खात्रीने सांगता येते. आमच्याकडनं डेक्कनला किंवा सिव्हिल कोर्टाकडे काही काम असेल तर मी गाडी काढतच नाही, वनाझहून मेट्रोने जाते. मार्च २०२४ पासून ती पार रामवाडीपर्यंत जाते त्यामुळे नगर रोडकडची कामं पण त्यात होतात. कधीकधी स्कूटीने लवकर पोचता येतं हे खरं आहे पण मेट्रोने कधी पोचणार ते आधी सांगता येतं, आणि वाट बघणाऱ्या माणसाला तेच हवं असतं.

वेळेवर निघायचं तर ऑफिसातलं आधी मिटवा

उशीर रस्त्यावर होतो असं वाटतं पण माझ्या चौकोनांवरनं कळलं की निम्मा उशीर खुर्चीतच होत होता. सहाला उठायचं म्हणायचं आणि एक मेल, मग अजून एक, मग कोणीतरी "दोन मिनिटं बोलू का". मी आता साडेपाचला अलार्म लावते आणि त्यानंतर नवीन काही हातात घेत नाही. शेवटची दहा मिनिटं एका वहीत लिहिते की कुठलं काम कुठे सोडलं आणि उद्या आल्या आल्या पहिल्यांदा काय करायचं.

हे लिहिण्याचा फायदा घरी होतो. सोफी लेरॉय म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट काम टाकून दुसरीकडे वळलो की लक्षाचा काही भाग जुन्या कामापाशीच अडकून राहतो. नंतर २०१८ च्या अभ्यासात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की सोडताना परत कुठून सुरू करायचं एवढं लिहून ठेवलं तर ते अडकणं कमी होतं. माझ्यापुरतं सांगते, ज्या दिवशी वही लिहिली त्या दिवशी लेकीशी बोलताना मी खरंच तिच्याशी बोलत असते, नाहीतर मान डोलावत असते आणि डोक्यात क्लायंट.

दिवसातल्या कामांसाठी २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत पण चांगली आहे, फ्रान्सिस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर वापरून ती सुरू केली. मुलांच्या अभ्यासाला ती जास्त उपयोगी पडते असं मला दिसलंय, ऑफिसात मीटिंगांमुळे जमत नाही.

घरात शिरल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

फोन पर्समध्ये, पर्स दाराजवळच्या खुंटीला. हातपाय धुवायचे, चहा किंवा पाणी घेऊन बसायचं आणि पंधरा मिनिटं कामाचं एक अक्षर बोलायचं नाही, गॅसवाला आला का, दूध तापवलं का, लाईटबिल भरलं का, होमवर्क झाला का, काहीच नाही. हे प्रश्न महत्त्वाचे असतात पण दारातच विचारले की समोरच्याला वाटतं तपासणीच आली.

या पंधरा मिनिटांत घरचे लोक लहान लहान काहीतरी सांगतात. "खालच्या मांजरीला तीन पिल्लं झाली." "आज डब्यातली भाजी सगळ्यांनी संपवली." याला उत्तर द्यायचं. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिएटलला नवविवाहित जोडप्यांवर बरीच वर्षं काम केलं, त्यात अशा लहान हाकांना जोडीदार प्रतिसाद देतो का हे मोजलं होतं. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती त्यांनी ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिलेला होता, जी वेगळी झाली त्यांनी ३३ टक्के. कोण कोणावर किती प्रेम करतो ते नाही मोजलं, "ते बघ" म्हटल्यावर बघितलं का ते मोजलं!

आता प्रत्येक वेळी लगेच बघणं जमतंच असं नाही. कुकर लावलाय, फोन चालू आहे. तेव्हा "हं" करून सोडू नका. "हा फोन संपवते, मग ऐकते" म्हणा आणि फोन संपला की तुम्ही स्वतःहून जा आणि विचारा की काय सांगत होतास. त्या माणसाला दुसऱ्यांदा सांगायला यायला लावू नका, बहुतेक जण येत नाहीत.

लांबच्या माणसांची वेळ

माझी आई नारायण पेठेत राहते. दुपारी एक ते चार ती पडते, फोन बंद. चितळ्यांनी २०१७ पासून दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली पण आईची दुपार आहे तशीच आहे, आणि मला ते योग्य वाटतं. आधी मी मला वेळ मिळेल तेव्हा, म्हणजे नेमका दोनला, लंच संपवून फोन करायचे, ती झोपेतनं उठून बोलायची आणि मला वाटायचं हिला माझ्याशी बोलायला आवडत नाही की काय. आता मंगळवार आणि शुक्रवार सव्वाचार, तिच्या चहाच्या वेळेला. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये मीटिंगसारखी वेळ अडवून ठेवलीय. दहा मिनिटंच बोलतो पण ती आता आठवणीने सांगायच्या गोष्टी साठवून ठेवते, आणि माझ्या डोक्यात दिवसभर "आईला फोन करायचाय" हे टोचत राहायचं ते थांबलं. तुमच्या माणसांची मोकळी वेळ कुठली ते त्यांना विचारा, तुमची मोकळी वेळ त्यांच्यावर घालू नका.

बारसं, मुंज, लग्न, हळदीकुंकू यांच्या आमंत्रणांना "बघते, जमलं तर येते" म्हणू नका. यजमानांना पानं मोजायची असतात. जमणार नसेल तर आजच सांगा आणि दुसरी वेळ द्या, "त्या दिवशी नाही जमत, पण पुढच्या रविवारी सकाळी अकराला अर्धा तास येऊन जाईन", आणि मग त्या रविवारी खरंच जा.

भांडणाबद्दल एकच सांगते, रात्री दहानंतर पैशांचे आणि सासर-माहेरचे विषय काढायचे नाहीत, पण टाळायचे पण नाहीत. "उद्या सकाळी टेकडीवर जाताना बोलू" असं म्हणायचं आणि सकाळी ज्याने पुढे ढकललं त्यानेच विषय काढायचा. आम्ही वेताळ टेकडीवर जातो, चालताना बोललं की आवाज चढत नाही.

किती दिवसांत जमेल

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या सवयींचा अभ्यास केला होता, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला अंदाजे २५४. मधेच एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हे पण त्यात दिसलं. म्हणून वरचं सगळं एकदम सुरू करू नका. आधी फक्त दोन आकडे. मला वेळ सांगण्याची सवय दोन महिन्यांत लागली, पर्स खुंटीला लावायची अजून कधीकधी राहते.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं आणि सासूबाई वीस मिनिटं गॅलरीत बसून पुढचा आठवडा लावतो. कोण कधी घरी येणार, गुरुवारी लाईट जाणार असेल तर कोणी घरून काम करायचं नाही, सिलिंडर कोण घेणार, क्लासला कोण सोडणार. सगळं त्याच कॅलेंडरवर. त्याला एक पेन दोरीने बांधून टाका, आजच बांधा, पेन शोधायला लागलं की लिहायचं राहून जातं.