वादळात खिडकीची काच फुटली? या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की मराठवाड्यात वारा-वावधान सुटतं, दारं-खिडक्या आपटतात आणि एखादी काच जाते. मग तुकडे झाडायचे, वाऱ्याला शिव्या घालायच्या आणि तसलीच काच पुन्हा बसवून घ्यायची. पहिली चूक हीच. झाडू हातात घेण्याआधी तडे कुठून निघालेत ते बघा, फोटो काढा. पंचनामा होणार असेल तर फोटो तिथेही कामाला येतात.

एका ठिकाणाहून चांदणीसारखे तडे फुटले असतील, तर काहीतरी येऊन आदळलंय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथं कुणी विसरलेलं नाही. पण दरवेळी गारच असते असं नाही. पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड, गच्चीवरच्या कुंड्या, सुटे पत्रे हे वादळात आपल्याच काचांवर येतात, माणसांवरही. पत्रा हुक-बोल्टनं आवळा, दगड खाली उतरवा.

काच चौकटीतून निघून घराबाहेर पडली असेल, तर ती वाऱ्याच्या ओढीनं गेली. वारा समोरच्या भिंतीला रेटतो, तसा मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर बाहेर ओढ लावतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा चार बाय तीन फुटांच्या काचेवर साधारण ५० किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. चांगली बसवलेली काच एवढं सोसते. काच बसवायची लांबी (पुट्टी) वाळून भुगा झाली असेल किंवा काच धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे बीडिंग, निसटली असेल तर सोसत नाही.

आता सगळ्यांत घातक समजूत. ‘वाऱ्याला वाट द्या, म्हणजे घराला धोका नाही,’ असं म्हणत वादळात खिडक्या उघडणारे घरोघरी आहेत. वाऱ्याकडची खिडकी उघडली की वारा आत कोंडतो, भिंतींना आणि छताला आतून रेटतो. वरून पत्र्याला ओढ असतेच. दोन्ही जोर एकाच दिशेनं लागतात आणि पत्रे उचलले जातात. शिवाय उघडं तावदान आपटून फुटतं ते वेगळंच. आभाळ काळवंडलं की सगळ्या खिडक्या लावा, कड्या घाला आणि काचेपासून लांब बसा. काचेवर फुलीसारखी चिकटपट्टी लावून ती मजबूत होत नाही. उलट मोठे, धारदार तुकडे एकत्र पडतात.

तडा कडेशी काटकोनात सुरू होऊन पुढे नागमोडी गेला असेल, तर वादळ निर्दोष आहे. ती उन्हाची करणी. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा काचेचा मधला भाग तापून फुगू बघतो आणि चौकटीत दडलेली, त्या मानानं थंड कड त्याला अडवते. ताण कडेवर येतो. ऊन अडवायला आतून चिकटवलेले वर्तमानपत्र किंवा काळी फिल्म काच आणखी तापवते. कूलरचं पाणी तापल्या काचेवर उडणं, भर दुपारी पाइपनं काचा धुणं, हेही नको. पडदा लावायचा तर काचेपासून थोडा दूर, आणि शक्य असेल तर बाहेरून सावली करा. हिरवी जाळी चालते.

कोपऱ्यातून तिरका तडा गेला असेल तर चौकट वाकडी झाली आहे. काळ्या मातीवरच्या घरांत हे नेहमीचं: पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत हलते. भूकंपातही चौकट अशीच तिरकी होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तर भिंतीच राहिल्या नाहीत, काचांचं काय घेऊन बसलात. तीच ती काच वारंवार फुटत असेल तर काचवाल्याआधी गवंड्याला बोलवा.

नवी काच घेताना माप चौकटीला घट्ट देऊ नका. चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळं सोडून खाली रबराचे ठोकळे ठेवायला सांगा. कडा घासून घ्या, कारण तडे बहुधा कडेवरच्या बारीक टवक्यातूनच सुरू होतात. मोठ्या खिडकीला तीनऐवजी पाच एमएम घ्या. टफन काच (भट्टीत तापवून कणखर केलेली) घेणार असाल तर माप आधी दोनदा तपासा. ती भट्टीतून आल्यावर कापता येत नाही.