दोन लहान विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

अंतर काढणं अवघड नाही, गडबड होते ती वेळेत. ताशी ८०० किलोमीटर हा जेटचा वेग धरून मिळालेलं उत्तर दुर्गम भागात निरुपयोगी, कारण तिथल्या आखूड, कच्च्या धावपट्टीवर जेट सहसा उतरत नाही.

आधी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मिळवा. अशा विमानतळांना आयएटीएचा (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) तीन अक्षरी कोड अनेकदा नसतो, म्हणून आयसीएओचा (संयुक्त राष्ट्रांची हवाई वाहतूक संस्था) चार अक्षरी कोड शोधा. तोही नसेल तर उपग्रह नकाशावर धावपट्टीचा मध्य पकडा. गावाच्या नावाने शोधलं तर गावाचा बिंदू मिळतो, धावपट्टीचा नाही. आता नेहमीची चूक: ६०°३०′ म्हणजे ६०.५ अंश, ६०.३० नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं. हे विसरलात तर एका फटक्यात २२ किलोमीटरचा फरक पडतो. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरा.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर). रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे आक्रसत जातो, म्हणून त्याला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. समजा, सरासरी अक्षांश ६०°, अक्षांशातला फरक १° आणि रेखांशातला २°. उत्तर-दक्षिण ६० नॉटिकल मैल आणि पूर्व-पश्चिम २ × ६० × ०.५, म्हणजे तेही ६०. पायथागोरसने अंतर ८५ नॉटिकल मैल, साधारण १५७ किलोमीटर. काही शे किलोमीटरपर्यंत हे पुरतं. त्यापुढे किंवा ध्रुवाजवळ हॅवरसाइन सूत्र (गोलावरचं अंतर काढणारं) वापरा, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरा आणि कोन रेडियनमध्ये घालायला विसरू नका.

आता वेळ. सेसना कॅरॅव्हॅनसारखं एका इंजिनाचं विमान साधारण १६० नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) जातं असं धरा. ८५ भागिले १६०, म्हणजे ३२ मिनिटं. (जेटच्या वेगाने हेच उत्तर १२ मिनिटं आलं असतं!) वर चढण्या-उतरण्याची दहाएक आणि टॅक्सीची (विमान जमिनीवर चालवत नेण्याची) पाच-दहा मिनिटं धरली की पाऊण तास सहज होतो.

वारा वेगळा मोजा. समोरून ४० नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग १२० नॉट, म्हणजे ४३ मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी, २०० नॉट, २६ मिनिटं. दोन्हींची बेरीज बिनवाऱ्याच्या ६४ मिनिटांपेक्षा जास्तच भरते, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. जाता-येता वारा फिटतो, असं धरू नका.

डोंगराळ भागात वैमानिक नजरेच्या भरवशावर उडत असेल तर विमान दऱ्यांमधून वळत जातं आणि सरळ रेषेचं अंतर कामाचं राहत नाही. नकाशावर खिंडी धरून तुकड्या-तुकड्याने मोजा. थेट विमान नसेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढून मधल्या थांब्याचा वेळ मिळवा. धावपट्टीला दिवे नसतील तर पोहोचण्याची वेळ स्थानिक सूर्यास्ताशी ताडून बघा, आणि ती बघताना दोन्हीकडची घड्याळं एकाच वेळेवर आहेत ना, हेही तपासा.