थिसलगॉर्म आणि योलांडा रीफ : तांबड्या समुद्रातील एका दिवसाच्या बुड्यांची आखणी

६ ऑक्टोबर १९४१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर जर्मन हाइंकेल विमानांनी टाकलेले बॉम्ब थिसलगॉर्म या ब्रिटिश मालवाहू जहाजाच्या मागच्या भागावर पडले, तिथल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि नऊ माणसांसह जहाज सिनाईजवळच्या समुद्रात बुडाले. आज ते सुमारे ३० मीटर खोल वाळूवर आहे. पुढचा भाग सरळ उभा आहे, तर तुटलेला मागचा भाग डाव्या कुशीवर कलंडलेला आहे. इजिप्तमधील शार्म अल-शेख या किनारी शहरातून बोटीने तीन ते साडेतीन तास लागतात, त्यामुळे पहाटेच निघावे लागते. सामान्यतः जहाजावर दोन बुड्या आणि परतीच्या वाटेवर रास मोहम्मद या भूशिराजवळच्या प्रवाळावर तिसरी, असा दिवसाचा क्रम असतो.

तारकर्ली किंवा गोव्यात शिकलेल्या डायव्हरला गढूळ पाण्याची सवय असते, पण तिथल्या बहुतेक बुड्या उथळ असतात. तेव्हा ॲडव्हान्स्ड (प्राथमिकच्या पुढच्या पायरीच्या) प्रमाणपत्राबरोबरच ३० मीटरच्या आसपासच्या काही बुड्या अलीकडच्या काळात झालेल्या असाव्यात आणि नायट्रॉक्सचे, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचे, प्रशिक्षणही घेतलेले असावे. साध्या हवेवर ३० मीटरला नो-डेकोची मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता तिथे राहता येण्याचा वेळ, सुमारे २० मिनिटे असते, ती ३२ टक्के नायट्रॉक्सवर साधारण ३० मिनिटांपर्यंत जाते. श्वासातल्या ऑक्सिजनच्या दाबाची सुरक्षित मर्यादा १.४ बार धरल्यास या मिश्रणाने ३३ मीटरपर्यंत जाता येते. ३६ टक्क्यांचे मिश्रण मात्र २८ मीटरलाच संपते, म्हणून इथे ते घेऊ नये.

हवेचा हिशेब बोटीवरच, कागदावर करावा. ३० मीटरवर दाब चार बार असतो. तिथे जोडीदाराची हवा संपली आणि घाबरलेले दोघे मिळून पृष्ठभागाच्या मानाने मिनिटाला ६० लिटर हवा वापरू लागले असे समजा. तळाशी एक मिनिट, पाच मीटरपर्यंत वर येण्यास तीन मिनिटे आणि तिथे तीन मिनिटांचा थांबा, एवढ्याला सुमारे १००० लिटर लागतात, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमधील जवळजवळ ८५ बार. २०० बारने सुरुवात केल्यास ९० बारला बोटीच्या दोराने वर चढू लागणे आवश्यक ठरते. ‘५० बारला बोटीवर’ हा सर्वत्र ऐकू येणारा नियम इथे पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवाह इथे अनेकदा जोरदार असतो आणि वरचा व तळाचा प्रवाह एकाच दिशेचा असेलच असे नाही. त्यामुळे दोर धरूनच उतरावे आणि प्रथम प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे परतताना पाणी साथ देते. गर्दीच्या दिवशी जहाजाला अनेक बोटींचे दोर बांधलेले असतात. आपला दोर नेमका कुठे बांधला आहे, हे उतरताच नीट पाहून ठेवावे. दोर चुकलाच तर पाण्यात लोंबकळत शोध घेत बसू नये, मार्कर बॉय (आपली जागा बोटीला दाखवणारा, हवा भरून वर सोडायचा तरंगता फुगा) सोडून वर यावे.

पहिली बुडी पूर्णपणे बाहेरून करावी. बरेच जण जहाजातल्या मोटारसायकलींच्या ओढीने थेट आत शिरतात, तिथे हवा अधिक खर्च करतात आणि मागची तोफ व प्रोपेलर पाहण्याआधीच वर येतात. स्फोटाच्या जागेजवळ उलटलेली चिलखती वाहने आणि डेकवरून उडून वाळूत पडलेले रेल्वे इंजिन हे सारे बाहेरच आहे.

दुसऱ्या बुडीत पुढच्या दोन मालकोठारांत जावे. तिथे बेडफर्ड ट्रक, त्यांवर बीएसए मोटारसायकली आणि गमबुटांचे ढीग आहेत. कोठारांची तोंडे वरून उघडी असल्याने उजेड दिसत राहतो. जिथून तो दिसणार नाही अशा खोलीत रीळ (परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीचे) आणि त्याचे प्रशिक्षण नसताना जाऊ नये. दोन टॉर्च जवळ असाव्यात, लोंबणाऱ्या नळ्या अंगालगत बांधाव्यात आणि बेडकासारखे पाय मारावेत, कारण वरखाली मारलेल्या फिन्समुळे उडालेला गाळ मागच्या माणसाची वाट बंद करतो. कशालाही हात लावू नये : गंजलेला पत्रा कापतो, विंचूमासा दिसत नाही, शिवाय इथे माणसे मेलेली आहेत.

रास मोहम्मदची बुडी वेगळ्या स्वभावाची आहे. इथल्या शार्क रीफ या प्रवाळखडकाची भिंत शेकडो मीटर खाली उतरते, त्यामुळे डोळ्यांना तळाचा आधार मिळत नाही आणि नकळत खोल जाणे होते. आधीच्या दोन बुड्यांनंतर इथे १८ ते २० मीटरच्या खाली जाण्याचे कारण नाही. प्रवाहाबरोबर वाहत शेजारच्या योलांडा रीफवर पोहोचले की १९८० मध्ये अडकलेल्या योलांडा जहाजातील माल, म्हणजे चक्क कमोडांची रास, दिसते. जहाज पुढे खोलात घसरले, कमोड मात्र राहिले. त्यांच्यावर प्रवाळ वाढला आहे, त्यामुळे त्यांवर बसून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. बोट इथे नांगर टाकत नाही, म्हणून वर येण्यापूर्वी मार्कर बॉय सोडलाच पाहिजे.

हिवाळ्यात पाणी साधारण २२ अंशांवर येते आणि उत्तरेचा वारा समुद्र खवळवतो, तेव्हा पाच मिलिमीटरचा पूर्ण सूट आणि उलटीची गोळी दोन्ही घ्यावीत. गोळी आधी घरी घेऊन पाहावी, कारण काहींना तिने फार गुंगी येते. मुंबईचे परतीचे विमान शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तासांनी असावे. सलग तीन बुड्या झाल्यावर मी २४ तास धरतो.