ओव्हरहँगवर हात घालण्याआधी

ओव्हरहँग म्हणजे बाहेर झुकलेला कातळ. त्यावरचा रूट, म्हणजे कातळात ठोकलेल्या बोल्टच्या ओळीची चढाईची वाट, चढायचा तर सुरुवात दोरापासून करा. दोर रूटच्या दुप्पट उंचीपेक्षा थोडा लांबच हवा आणि रूट कितीही छोटा असला तरी मोकळ्या टोकाला गाठ हवीच. बोल्ट खालूनच मोजा, तितके क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर, म्हणजे झडपेच्या धातूच्या कड्या; एक बोल्टमध्ये, दुसरी दोरात) घ्या, शिवाय अँकरसाठी, म्हणजे रूटच्या माथ्यावरच्या आधारासाठी, दोन आणि एखाददुसरा जास्तीचा. रूटवर आधीच लटकत असलेल्या क्विकड्रॉवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. दोर घासून घासून कॅराबिनरला खाच पडते, तिची कड धारदार होते आणि तिच्यावर दोर कापला जाऊ शकतो. बोटाने चाचपून बघा. शंका आली की आपला लावा.

आदल्या दिवशी विश्रांती, नखं कापलेली, बोटांची कातडी घासून सारखी केलेली. वॉर्मअप सोप्या रूटवर.

पहिली चढाई फक्त वाचनासाठी, बोल्टागणिक थांबत करा. कुठला होल्ड (कातळावरची पकड) धरून, कुठल्या हाताने क्लिप करायचं, म्हणजे दोर क्विकड्रॉत अडकवायचा, हे ठरवून टाका. डोक्याच्या वर क्लिप करायला ओढलेला दोर हात सुटल्यावर पडण्यात जमा होतो, म्हणून जमेल तिथे बोल्ट कमरेजवळ आल्यावर क्लिप करा. गुडघा अडकवून किंवा टाच लावून हात कुठे झटकता येतील ते शोधा. माझ्या मते रूट इथेच जिंकला किंवा हरला जातो; ताकद भरपूर असली तरी विसावा चुकला की हात भरून येतातच, म्हणजे थकून पकड सुटते. मग खाली बसून सगळ्या हालचाली मनात करून बघा. चेक क्लाइंबर अॅडम ओंड्राने २०१७ मध्ये नॉर्वेतल्या फ्लाटांगरला ९सी या अतिशय अवघड श्रेणीचा रूट चढण्याआधी हाच सराव भरपूर केला होता.

बिलेअरशी, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्या जोडीदाराशी, आधी बोलून घ्या. पहिल्या दोन-तीन बोल्टपर्यंत जमीन जवळ असते, तिथे ढील कमीच. वर गेल्यावर मात्र दोर ताणून धरला तर तुम्ही झोका खाऊन कातळावर आपटाल. झटका बसताना त्याने स्वतःला थोडं वर उचललं जाऊ द्यावं. चढताना पाय दोराच्या मागे अडकू देऊ नका, नाहीतर पडताना उलटे व्हाल.

उतरताना क्विकड्रॉ काढायचे तर हार्नेसमधून एक क्विकड्रॉ बिलेअरकडच्या दोरात अडकवा, म्हणजे कातळापासून लांब जाणार नाही. सगळ्यात खालच्या बोल्टपाशी आधी हा जोड सोडा, मगच तिथला क्विकड्रॉ काढा. नाहीतर बिलेअरही तुमच्याबरोबर ओढला जाईल. तो क्विकड्रॉ निघाला की तुम्ही कातळापासून बाहेर झोका खाल; त्या झोक्याच्या वाटेत झाड किंवा दगड नाही ना, हे चढण्यापूर्वीच बघून ठेवा.